दरवर्षी चालून दाखवायचं

आमच्या भाऊजींना सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं ते वजन, जे भिंतीलगत सोडलं की भिंत सरळ आहे की झुकली आहे ते निमूटपणे सांगतं. भाऊजी भिंती बांधत नव्हते, फरश्या बसवत होते, आणि निमूटपणा तर त्यांच्या गावीही नव्हता. म्हणजे नाव दोन्ही बाजूंनी चुकलेलंच. पण माणूस सरळ, बोलणं सरळ, खोटं बोलायचं म्हटलं की कपाळाला घाम, म्हणून ओळंबा. मी त्यांची वहिनी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हेच नाव ऐकत आले.

कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी माणसांआधी त्यांची नजर जमिनीकडे जायची. माझ्या मावसभावाने नवं घर घेतलं तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. बाकीचे खिडक्यांचं, उजेडाचं कौतुक करत होते आणि हे कोपऱ्यात उकिडवे बसून बोटाच्या पेराने फरशीवर टकटक करत होते. "पोकळ आहे," म्हणाले. "खाली सिमेंटचा माल भरलेला नाही." मावसभावाच्या बायकोचं तोंड एवढंसं झालं. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. पुढे तीच फरशी तडकली, तेव्हा मला आणखी राग आला, कारण भाऊजी काही म्हणाले नाहीत, नुसते हसले.

त्यांच्या धंद्यातली एक सवय मात्र इथं सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. फरशी बसवणारा माणूस सांध्यावर पाय देत नाही. नुकत्याच बसवलेल्या फरशीच्या कडेवर वजन पडलं की ती कलते, आणि एक कलली की शेजारची उचलते. म्हणून चालावंच लागलं तर पाऊल फरशीच्या बरोबर मधोमध ठेवायचं. भाऊजी हे लहानपणी शिकले आणि मग जन्मभर तसेच चालले. रस्त्याच्या कडेला, दवाखान्यात, बँकेत, जिथं जिथं फरशी तिथं तिथं एकेक चौकोन घेत. फरशी मोठी असली की लांब ढांगा, लहान असली की तुरुतुरु. त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला लाज वाटायची.

माझी जाऊ लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मग माझा नवराही गेला. उरलो आम्ही दोघं, भाड्याच्या तीन खोल्यांत. मी दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत इस्त्रीवर होते, ते त्यांच्या कामावर. संध्याकाळी दोघं चहा पीत एकमेकांच्या कामाला नावं ठेवायचो. चादर काय, उद्या परत चुरगळते, फरशीला मरण नाही, असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, माझ्या चादरीवर माणसं झोपतात, तुमच्या फरशीवर चपला घासतात. असं आमचं बरं चाललं होतं.

मग त्यांना कंपवात झाला.

कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारे हात दिसतात. भाऊजींचे हात फारसे थरथरत नव्हते. त्यांचे पाय चिकटायचे. दारातून जाताना, वळताना, कधी मोकळ्या खोलीच्या मध्यावर, अचानक पाय जमिनीला धरून बसायचे. वरचं अंग पुढे निघालेलं आणि पाय मागे. घरमालकाने आमच्या जमिनीवर एकरंगी प्लास्टिकचं आवरण घातलेलं होतं, मातकट रंगाचं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेघ नाही. फरशी बसवणाऱ्याच्या घरात फरशी नाही, याचं आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं. आता त्याच जमिनीवर भाऊजी खुंटा ठोकल्यासारखे उभे राहायचे आणि मला हाक मारायचे. हाकेत विनंती नसायची. "वहिनी, अडकलो," असं ते ट्रक चिखलात रुतल्यासारखं सांगायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, डोळ्यांना रेघ दिसली की पाय सुटतो. मी काळी चिकटपट्टी आणली, गुडघ्यांवर बसून पलंगापासून न्हाणीपर्यंत पट्ट्या लावल्या. भाऊजी खुर्चीत बसून बघत होते. मी कंबर धरून उठले तर म्हणतात कसे, "वहिनी, दारापाशची पट्टी उतरली आहे."

"उतरली म्हणजे?"

"डावीकडे. बोटभर."

"तुम्हाला चालायचंय की बक्षीस द्यायचंय?"

"वाकड्या रेघेवर माझा पाय पडणार नाही," ते म्हणाले, आणि खरंच पडला नाही. पट्टीपाशी येऊन थांबले ते थांबले. मी सगळ्या पट्ट्या उपटल्या. त्यांनी खुर्चीतून दोरी धरली, मी दुसरं टोक धरलं, आणि पुन्हा लावल्या, त्यांच्या मनासारख्या. मग मात्र ते चालले. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण उगाच दुसऱ्याला हिणवतो. अंगण वाकडं म्हणून खरोखर पाऊल न टाकणारा माणूस माझ्याच घरात निघाला.

पट्ट्यांनी पलंग ते न्हाणी जमलं, पण सकाळी गोळ्या लागू होईपर्यंत त्यांना उठवणं, कुशीवर वळवणं, अंघोळ, शर्टाची बटणं, यातलं काहीच पट्ट्यांनी होत नव्हतं. त्यासाठी सरकारी सहाय्य भत्ता मिळाला, आणि त्यातून मदतनीस यायला लागला. आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. अंगाने काडी, पन्नाशीला टेकलेला, पण भाऊजींना पलंगावरून उचलायचा तो बाळाला उचलावं तसा. सकाळी आणि संध्याकाळी यायचा. तो होता म्हणून मी लाँड्रीत जाऊ शकत होते, आणि तो होता म्हणूनच भाऊजी घरात राहू शकत होते. हे आम्हा तिघांनाही पक्कं माहीत होतं.

भत्त्यासाठीची पहिली तपासणी एका छोट्या दवाखान्यात झाली. भाऊजी दारातच असे अडकले की मागची माणसं खोळंबली. भत्ता लगेच मंजूर झाला. फक्त औषधं नुकतीच सुरू झाली होती म्हणून तपासणाऱ्याने शेरा मारला, सुधारणा शक्य, आणि ज्यांची सुधारणा शक्य त्यांना दरवर्षी फेरतपासणीला बोलावतात. भाऊजींनी तो शेरा शाबासकीसारखा घेतला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले, "आमच्यात सुधारणा शक्य आहे."

मला तेव्हाच हे दरवर्षीचं प्रकरण पटलं नव्हतं. आमच्या लाँड्रीत न निघणारा डाग असला की ती चादर बाजूला काढतात. दरवर्षी तिला भट्टीत घालून, बघू आता गेला का, असं कुणी विचारत नाही. पण माझं कोण ऐकतो.

दुसऱ्या वर्षी फेरतपासणीचं कार्यालय हलवलेलं होतं. जुन्या, मोठ्या सरकारी इमारतीत. रिक्षातून उतरलो, पैलवानाने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून भाऊजींना पायऱ्या चढवल्या. पायऱ्या ते बऱ्या चढायचे, पायऱ्यांना कडा असतात. वर आलो आणि ते थांबले. मला वाटलं, अडकले. वर बघितलं तर चेहरा असा उजळलेला की मी घाबरले.

समोर लांबलचक दिवाणखान्यासारखी जागा होती. काळे पांढरे, काळे पांढरे चौकोन, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही माझी आहे," भाऊजी म्हणाले.

तरुणपणी त्यांनी केलेलं ते पहिलं मोठं काम होतं. मी त्याबद्दल इतकं ऐकलं होतं की कंटाळून गेले होते, पण पाहिलं कधी नव्हतं. त्यांनी पैलवानाचा हात सोडला. माझा सोडला. आणि निघाले. पांढऱ्यावर उजवा, काळ्यावर डावा, पांढऱ्यावर उजवा. पाठ सरळ, हात हलताहेत. मधे उभी असलेली माणसं आपोआप बाजूला झाली. टोकापर्यंत गेले, वळले, हो, वळले सुद्धा, आणि परत आले. मग मला खांबापाशी नेऊन कापलेल्या फरश्या दाखवल्या, गोल खांबाला चौकोनी फरशी कशी भिडवली ते सांगितलं. "बघा वहिनी, एक हललेली नाही. इतकी माणसं तुडवतात रोज, पण एक हललेली नाही."

तपासनीस आपल्या खोलीच्या दारात उभा राहून हे सगळं बघत होता.

मी त्याला सांगितलं, घरी हे असे चालत नाहीत. तो म्हणाला, सगळेच असं सांगतात. भाऊजींना विचारलं, चालताना त्रास होतो का? भाऊजी म्हणाले, "इथं? इथं कसला त्रास?" प्रश्न सरळ होता, उत्तर सरळ दिलं. त्या माणसाला मी फार दोष देत नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला, त्याने डोळ्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. भत्ता बंद झाला.

परतीच्या वाटेवर भाऊजी खुशीत होते. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर रिक्षातून ढकलून दिलं असतं.

पैलवान दुसरीकडे कामाला लागला. अधूनमधून आमच्याकडे पाय वळवायचा, पण त्याचंही पोट होतं. लाँड्रीत मी आधी उशिरा जायला लागले, मग तिथून लवकर यायला लागले, मग मालकिणीने विचारलं, नेमकं जमणार आहे का? एकदा न्हाणीत त्यांचा पाय चिकटला आणि आम्ही दोघंही खाली आलो. दाराची कडी आतून, आणि दोघंही म्हातारे पाण्यात बसलेले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, या न्हाणीला उतार चुकीचा दिला आहे." मी हसले आणि मग हसता हसता रडले. पाठीत जी कळ भरली ती आजही आहे.

शेवटी आम्ही वृद्धाश्रम बघायला गेलो. उगाच खोटं कशाला बोलू, चांगली जागा होती. स्वच्छ, उजेडाची, सेविका हसऱ्या. पण जमीन! ओतून केलेली, हिरवी, आरशासारखी. लांबच्या लांब पडवी आणि तिच्यात एक सांधा नाही. दाखवणारी बाई अभिमानाने सांगत होती, सांधेच नाहीत, त्यामुळे घाण साठत नाही. भाऊजी चाकाच्या खुर्चीत होते. त्यांनी एकदा त्या जमिनीकडे बघितलं आणि ओळखलं की इथं आपण उरलेलं आयुष्य खुर्चीत काढणार. त्यांनी त्या जमिनीला नाव ठेवलं नाही. त्यांनी नाव न ठेवलेली ती पहिली जमीन.

मी घरी आले आणि अपील केलं. पुन्हा फेरतपासणीची तारीख मिळाली, त्याच इमारतीत. ती हरलो तर आश्रमातली खाट, हे ठरलेलं होतं.

"भाऊजी," मी आदल्या दिवशी म्हटलं, "उद्या अडकायचं."

"कुठे?"

"त्या फरशीवर. थोडं लटपटायचं, मी धरीन. तुम्ही घरी रोज करता तेच. नाटक नाही हे, फक्त जागा वेगळी."

"माझ्या फरशीवर मी अडखळणार नाही."

"का पण?"

"लोक म्हणतील, फरशीत दोष आहे."

मी कपाळावर हात मारला. "लोकांना काय ठाऊक ती कोणी बसवलीय?"

"मला ठाऊक आहे ना," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर सुंभाला अजून धगसुद्धा लागली नव्हती.

पण मीही याच घरात इतकी वर्षं काढलेली बाई. लाँड्रीतून एक करडं ब्लँकेट मागून आणलं, मोठं, एकरंगी. घरातली सतरंजी आधी बघितली होती, पण तिला पट्टे. पट्ट्यांवर हा माणूस पळत सुटला असता. ब्लँकेट घडी करून पिशवीत कोंबलं आणि झोपले. झोप छान लागली. माझा डाव माझ्या हातात होता.

या वेळी खोलीत तपासनीस बाई होत्या, चष्मा डोक्यावर सारलेल्या, टेबल नीटनेटकं. बाहेरचा सगळा पल्ला भाऊजी राजासारखे चालून आले होते आणि बाईंनी उघड्या दारातून ते बघितलं होतं. खोलीतही तीच काळी पांढरी फरशी. बाई म्हणाल्या, जरा दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवा. भाऊजी उठायला लागले, तेवढ्यात मी पिशवीत हात घातला आणि ब्लँकेट बाहेर काढलं.

भाऊजींनी बघितलं. मी काय करणार हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "ते आत ठेवा."

आणि मी ठेवलं. आदल्या रात्रीपासून ठरवून गेलेली मी, पण त्या आवाजापुढे हात आपोआप पिशवीत गेला. माझ्यापुढे कधी कुणी इतक्या सभ्यपणे गयावया केलेली नव्हती.

"काय होतं ते?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "थंडी वाजते त्यांना."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग भाऊजींकडे वळल्या. "काका, काय होतं ते?"

झालं. सरळ प्रश्न आला. भाऊजींच्या कपाळावर घाम आला. मला एकदम कळलं की आपलं काम आता ब्लँकेट करणार नाही, ओळंबा करणार आहे.

"ब्लँकेट आहे," ते म्हणाले. "फरशी झाकायला आणलंय यांनी."

"फरशी कशाला झाकायची?"

"ही मी बसवलेली आहे. बाहेरची आणि ही. हिच्यावर मी चालतो."

"आणि झाकली तर?"

भाऊजींनी खाली फरशीकडे बघितलं. बाई थांबल्या. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, घड्याळाकडेही बघितलं नाही, आणि तेवढ्यावरूनच मला त्या आवडल्या.

"झाकली तर नाही चालणार."

"चालणार नाही की चालता येणार नाही?"

"येणार नाही," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच, "वहिनी, काढा ते. पसरा."

मी पसरलं. "उजवा कोपरा ओढा," ते म्हणाले. "सुरकुती राहिली."

"चादर पसरायला मला शिकवू नका," मी म्हटलं, आणि बाईंना हसू फुटलं. भाऊजीही हसले. हसतच ते दोन चौकोन चालून ब्लँकेटच्या कडेशी आले.

तिथं पाय थांबले.

चपलेची टोकं ब्लँकेटला लागलेली आणि मागे टाचा काळ्या फरशीवर. अंग पुढे झुकलं, गुडघे कापायला लागले, पाय जागचा हलेना. घरी अशा वेळी मी त्यांच्या पुढ्यात माझं पाऊल आडवं ठेवायचे, ते ओलांडायचे, की सुटले. त्या दिवशी मी ठेवलं नाही. भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्यांना अडकलेलं बघत राहिले. मी माझ्या नवऱ्याचं आजारपण काढलं आहे, पण इतकं जड मला तेव्हाही गेलं नव्हतं. ज्या फरशीचा त्यांनी जन्मभर अभिमान बाळगला तिच्याच काठावर ते अडकून उभे होते, आणि ते करायला मीच लावलं होतं.

बाई उठून त्यांच्या शेजारी आल्या. हात दिला नाही, नुसत्या जवळ उभ्या राहिल्या. "आता काय लागतं तुम्हाला?"

"एक रेघ," भाऊजी म्हणाले.

मी पुढे झाले आणि माझं पाऊल आडवं ठेवलं. त्यांनी ते ओलांडलं. पुन्हा थांबले. मी दुसरं पाऊल ठेवलं. असं करत करत मी उलटी चालत आणि ते माझ्या पावलांवरून, आम्ही ते ब्लँकेट पार केलं आणि खुर्ची गाठली. बसल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

"घर असं आहे," ते ब्लँकेटकडे बोट दाखवून म्हणाले. "रस्ता असा आहे. सगळीकडे असंच आहे बाई. फक्त तुमच्या इथं नाही."

"आणि आम्ही तुम्हाला दरवर्षी नेमकं इथंच बोलावतो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, रात्री कुशीवर कोण वळवतं, बटणं कोण लावतं, पडणं किती वेळा होतं. या वेळी भाऊजींनी सगळं सांगितलं, न्हाणीच्या उतारासकट. शेवटी बाईंनी विचारलं, "वर्षभरात काही फरक पडेल असं वाटतं?"

"छे. पन्नास वर्षं हिला काही होत नाही."

"फरशी नाही हो, तुम्ही."

"मी होय?" भाऊजींनी विचार केला. "मी उतारालाच आहे. पाणी उताराकडेच जातं."

"मग वर्षावर्षाला बोलावून आम्ही काय तपासायचं?" बाई म्हणाल्या, आणि लिहायला बसल्या.

निकाल पोस्टाने आला. भत्ता पुन्हा सुरू. पुढे छोटं वाक्य: दुखणं बरं होणारं नसल्याने यापुढे फेरतपासणीची आवश्यकता नाही. मी ते मोठ्याने वाचलं, पैलवानाला फोन केला, शेजारणीला दारातून ओरडून सांगितलं. मालकिणीला कळवलं की उद्यापासून पूर्ण वेळ. आश्रमाची खाट ज्याला हवी त्याला मिळो. जिंकलो होतो आम्ही, आणि सरळ मार्गाने जिंकलो होतो.

"पुन्हा वाचा," भाऊजी म्हणाले.

मी वाचलं.

"म्हणजे आता बोलावणार नाहीत?"

"नाही! सुटलात कायमचे."

"कधीच नाही?"

"अहो, कधीच नाही म्हणजे कधीच नाही."

ते बरं म्हणाले आणि चहाचा कप बाजूला सारला. संध्याकाळभर बोलले नाहीत. मला असा संताप आला! याच्यासाठी पाठ मोडून घेतली, अपीलं केली, आणि यांचं तोंड सुतकी. मी भांडी आपटली. पैलवान दुसऱ्या दिवशी हजर झाला तेव्हा त्याच्याशी तेवढे हसून बोलले, माझ्याशी नाही.

मग लाँड्रीत इस्त्री फिरवता फिरवता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी इस्त्री उचलून बाजूला ठेवली, नाहीतर चादर जळली असती. वर्षातून एक दिवस हा माणूस पूर्वीसारखा चालत होता. कुणाच्या हाताशिवाय, पाठ सरळ, लोक बाजूला होताहेत. एकच दिवस, आणि तो सरकारच्या बोलावण्याने यायचा. ते बोलावणं मी जिंकून बंद करून आले होते. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथंच स्टुलावर बसले.

पण वाईट वाटून घेत बसणं माझ्या स्वभावात नाही. वर्ष जाऊ दिलं. मग एका सकाळी पैलवानाला सांगितलं, आज भाऊजींना चांगला शर्ट घाला, आपल्याला बाहेर जायचंय. रिक्षा त्या इमारतीपाशी थांबेपर्यंत भाऊजींनी कुठे म्हणून विचारलं नाही. थांबल्यावरही विचारलं नाही. फक्त कॉलर नीट केली.

दारावर रखवालदार होता. "बोलावणं आलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग काम काय?"

मी काहीतरी सांगणार होते, पण भाऊजी आधीच बोलले. "फरशी तपासायची आहे. दरवर्षी तपासावी लागते."

रखवालदाराने त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. आणि बाजूला झाला.

भाऊजींनी पैलवानाचा हात सोडला, माझा सोडला, आणि निघाले. गेल्या खेपेपेक्षा हळू. एकदोनदा पाऊल सांध्याला लागलं, तेव्हा स्वतःवरच चुकचुकले. पण चालले. टोकापर्यंत गेले, वळायला वेळ घेतला, परत आले. तपासनीस बाई फायली घेऊन खोलीतून बाहेर येत होत्या, त्या दारातच थांबल्या. डोक्यावरचा चष्मा तेवढा डोळ्यांवर घेतला.

खांबापाशी भाऊजींनी मला खूण केली. पैलवानाकडून काठी घेऊन एका पांढऱ्या फरशीवर टकटक केलं, कान देऊन ऐकलं, पुन्हा टकटक केलं.

"ही पोकळ झाली आहे," ते म्हणाले.

"तुमची फरशी? पोकळ?"

"आता हलणार नाही लगेच. पण लक्ष ठेवावं लागेल. पुढच्या वर्षी परत येऊन बघायला हवं."

हे सांगताना ते खांबाकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पैलवान त्यांना पायऱ्यांकडे घेऊन गेला. मी मागे राहिले. त्याच पांढऱ्या फरशीवर मी टाच आपटली, मग वाकून बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढल्यावर पोकळ आणि भरीव मलाही कळतं. फरशी भरीव होती. दगडासारखी.

रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, मागे काय करत होतात? मी काही म्हणाले नाही, नुसती हसले.